निर्जंतुक

"आणखी कोणाला सांगितलंत का हे?" बाईडॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती अजून टेबलावरच पडलेली होती. गुडघे वर, कमरेवर हिरवी चादर, आणि नजर छतावरच्या ट्यूबलाइटच्या झाकणात मरून पडलेल्या किड्यांवर. "नाही, कोणालाच नाही," ती म्हणाली. एरवी खोटं बोलायचं म्हटलं की तिची त्रेधातिरपीट उडते, साधी अर्ध्या दिवसाची रजा मागतानासुद्धा कान लाल होतात. हे खोटं मात्र आधीपासूनच जिभेवर येऊन बसल्यासारखं सहज निघून गेलं. बाईडॉक्टरांनी हातमोजे काढून बादलीत टाकले आणि "उठा हळूहळू" म्हणाल्या. त्यांना पटलं होतं. याच इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण खोलीत बावीस वर्षं काढलेली, थोरल्या सिस्टरपासून वॉर्डातल्या मावशींपर्यंत सगळे जिला 'चकाचक' म्हणून चिडवतात अशी बाई खोटं कशाला बोलेल? ती उठून बसली, पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागली. चपला समोरच होत्या, पण तिला दिसेनात.

त्याच्या आधीचे सगळे प्रश्न तिने हुशार विद्यार्थिनीसारखे सोडवले होते. ओटीपोटात दुखतं, किती महिने? सात. अंगावरून पांढरं जातं? जातं, हल्ली पिवळट. वास? इथे ती जरा अडखळली, मग हो म्हणाली. संबंधानंतर रक्त? दोनदा. आणि स्वच्छता कशी ठेवता, या प्रश्नाची तर ती वाटच बघत होती. "रोज धुते, मॅडम. आतूनसुद्धा. नुसत्या पाण्याने नाही हं. ऑपरेशनआधी हात धुवायला आपलं ते गुलाबी औषध असतं ना, ते. एक झाकण, तांब्याभर पाण्यात. मोठ्या सिरिंजने." कधीपासून, या प्रश्नाला तर तिने जवळजवळ छाती पुढे काढूनच उत्तर दिलं, "वीस वर्षं झाली. बाळंतपण-आजारपण सोडलं तर एक दिवस चुकवला नाही." बाईडॉक्टरांचा हात थांबला. डोळे छताकडे असूनही तिला ते कळलं, कारण तो हात तिच्या आत होता. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. मग बाईडॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, हे कोणी शिकवलं तुम्हाला?" आणि त्यावर ती काही बोलायच्या आत तो दुसरा प्रश्न आला होता, आणखी कोणाला सांगितलंत का.

आतून तपासायचा स्पेक्युलम इतका गार असतो हे तिला आज कळलं. बावीस वर्षं ती हे अवजार हाताळत आली, पण यंत्रातून काढलेलं, गरम. कपड्यात गुंडाळायचं, वर फिकट रेघांची टेप लावायची, टेपवर तारीख आणि स्वतःचा नंबर टाकायचा, यंत्रात ठेवायचं. बाहेर आल्यावर टेपवरच्या रेघा काळ्या पडल्या की समजायचं, आत एकही जीव उरलेला नाही. आज ट्रेवर उघडलेल्या पुडक्याची टेप तिला आडवी पडल्या पडल्या दिसली होती. रेघा काळ्याभोर, परवाची तारीख, नंबर चौदा. म्हणजे तिचाच. तिला उगाच बरं वाटलं होतं, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. स्वतःच बांधलेलं पुडकं स्वतःवरच उघडायची वेळ येते किती जणींवर? नंतर ते गार लोखंड आत उघडलं आणि ओठ चावत तिने टेबलाची कड धरली.

बाईडॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या आणि शांतपणे सांगत गेल्या. गर्भनळीला सूज आहे, सोनोग्राफीत दिसतंय. गर्भाशयाचं तोंड सोलल्यासारखं झालंय. नमुना घेतलाय, शुक्रवारी कळेल. चौदा दिवसांच्या गोळ्या, एकही चुकवायची नाही. "आणि ते धुणं आजपासून बंद. आत काही धुवायचं नसतंच. शरीर आपलं आपण बघतं. बाहेरून साधं पाणी, बास. अहो, आतले सगळेच जंतू काही वैरी नसतात. त्यातले बरेचसे राखणदार असतात, बाहेरच्यांना थारा न देणारे. तुम्ही रोज उठून राखणदारच मारत बसलात." तिने विचारलं, "म्हणजे हे सगळं त्यानेच झालं?" बाईडॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सगळं त्यानेच, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण त्याने भर नक्की पडली. दार तुम्ही उघडून दिलंत." चोर सोडून संन्याशाला फाशी, तिच्या मनात आलं. आणि तीही रोज, सकाळी सव्वासहाला, बाकीचं घर झोपेत असताना.

खाली तळघरातल्या आपल्या खोलीत ती परतली तेव्हा अवजारांची दुसरी खेप यंत्रात चढली होती आणि सगळीकडे ती ओळखीची दमट, भाजलेल्या कापडाची वाफ कोंडली होती. शेजारच्या टेबलावर तिची जोडीदारीण चिमटे मोजत होती. हिचं तोंड सकाळी सुरू होतं ते पाळी सुटेपर्यंत बंद होत नाही, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. "काय म्हणाल्या मॅडम?" रेडिओने विचारलं. गोळ्या दिल्यात, असं कळल्यावर ती खूश झाली. "बघ, म्हणजे काही नाही. काही असतं तर सुई दिली असती." चकाचकने कात्र्या पुढ्यात ओढल्या. एक उघडली, मिटली, सांध्यात रक्त अडकलंय का ते भिंगातून पाहिलं, बाजूला ठेवली. मग एकदम तिला आठवलं. हिलाही. बाळंतपणानंतर हिलाही एक बाटली दिली होती. "ते औषध दिलं होतं तुला मी, आठवतं?" तिने विचारलं. "कुठलं? हां, ते होय!" रेडिओ हसली. "ते मी तेव्हाच संपवलं की. कोण रोज उठून ते सोपस्कार करणार बाई, मला नाही जमत. खिडक्यांच्या काचा पुसल्या त्याने. काय चमकल्या सांगू!" आळसाने माणूस मरतं म्हणतात, ही आळसाने वाचली होती. चकाचक हसायला गेली आणि तिला खोकला आला.

आणखी कोणाला? हातात कात्री आणि डोक्यात तेच. रेडिओ गेली यादीतून. राहिली एकच, आणि जी राहिली तिच्यावाचून बाकी यादीला काही अर्थच नव्हता. मुलगी. घरात तिला खारू म्हणतात, कारण लहानपणी घास गालात साठवून तासभर फिरायची, गिळायची नाही. अठरा वर्षांची झाली तरी नाव तेच. खारूला तिने चौदाव्या वर्षी ती बाटली दिली होती. नुसती दिली नव्हती, शिकवलं होतं. किती झाकण, पाणी किती कोमट, सिरिंज कशी धरायची. आणि ती आपल्याला केवढी मोठी आई समजली होती त्या दिवशी!

कारण तिला स्वतःला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तिच्या घरी चार बहिणी आणि एक आई, आणि महिन्याच्या त्या दिवसांबद्दल पाचजणींच्या तोंडाला कुलूप. जुन्या कपड्यांच्या चिंध्या, त्या धुवायच्या अंधारात, वाळत घालायच्या माळ्यावर खोक्यांच्या मागे, जिथे उन्हाची तिरीपही जात नाही. चिंध्या कधी पुरत्या वाळायच्या नाहीत. ओलसर, कडक, कुबट. ती दोन-दोन आठवडे खाजवत राहायची, वर्गात बाकावर अंग घासायची, आणि एकदा हिय्या करून आईला सांगितलं तर आईने तिच्याकडे न बघताच "घाणेरडी" एवढा एकच शब्द उच्चारला आणि भांडी घासत राहिली. पुढे ती इस्पितळात लागली. थोरल्या सिस्टरने पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून तिला न धुतलेल्या चिमट्यावरचा थेंब दाखवला. त्यात वळवळणारं ते सगळं पाहिलं आणि तिला आईचा, माळ्याचा, त्या चिंध्यांचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. म्हणजे ती घाणेरडी नव्हती तर! हे होते घाणेरडे. आणि यांना मारता येतं. एकशे एकवीस अंशांवर, नाहीतर औषधात बुडवून. स्वच्छ म्हणजे जिथे काही जगत नाही ते, ही व्याख्या तिने त्या दिवशी गाठीला बांधली आणि पुढे कधी सोडून पाहिली नाही.

तरी एवढ्यावर ती आत औषध घालायला गेली नसती. त्याला निमित्त झाला नवरा. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, अंगाला सतत ग्रीसचा वास, तो तिला चालायचा. एके दिवशी तो तिच्यापासून बाजूला झाला, भिंतीकडे तोंड केलं आणि सहज म्हणाला, "कसलातरी वास येतोय." बास, एवढंच. दवाखान्याचा येत असेल, घामाचा येत असेल, खिडकीबाहेरच्या गटाराचा येत असेल. तिने विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. तो दोन मिनिटांत घोरायला लागला आणि ती पहाटेपर्यंत जागी. गुलाबी औषधाच्या बाटल्या उघडून अठ्ठावीस दिवस झाले की ते नियमाने ओतून द्यावं लागतं; पाव-पाव बाटली उरलेली असते, जीव तुटतो ओतताना. त्या महिन्यापासून तिने ओतायचं बंद केलं आणि घरी आणायला लागली. नवरा पुन्हा तसं कधी म्हणाला नाही. म्हणजे औषध लागू पडलं, असंच तिने धरलं. तो विसरलाही असेल, ती विसरली नाही. मग खारू झाली, आणि खारूच्या पाचव्या वर्षी पुन्हा राहिलं, पण नळीत राहिलं. इथेच, वर तिसऱ्या मजल्यावर, नळी फाटलेल्या अवस्थेत तिला आणलं. एक नळी काढली. शुद्धीवर आल्यावर नवरा उशाशी बसलेला, म्हणाला, "असू दे. आपल्या नशिबात एकच." तो चांगलाच वागला. तिला मात्र वाटलं, कुठेतरी आपलीच स्वच्छता कमी पडली. घरी गेल्यावर टाके सुकायची वाट पाहिली आणि पुढे काही महिने दिवसातून दोनदा धुवत राहिली. आज हे आठवताना तिच्या हातातली कात्री मिटली, उघडली, मिटली. आपणच? असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, बाईडॉक्टर म्हणाल्या होत्या. म्हणजे तसं नाही, असंही कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. उरलेलं आयुष्य या दोन वाक्यांच्या मध्ये काढायचं.

आणि खारू? स्वतःचं एक वेळ सोडून देता आलं असतं. झालं गेलं, शुक्रवारी काय यायचं ते येईल. पण टेपच्या रिकाम्या खोक्यावर पेनाने गर्भाशय काढून, दोन बाजूंना दोन नळ्या काढून तिने खारूला समजावलं होतं, "लाजायचं नाही. मला सगळं विचारायचं. माझी आई बोलली नाही, मी बोलणार." आणि त्या दोन नळ्यांमध्ये आपल्याच हाताने औषध सोडायला शिकवलं. पहिले काही महिने तर ती न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहायची. "झालं का?" आतून पोरीचा आवाज यायचा, "झालं." गेल्याच महिन्यात पाळीच्या दुखण्याने खारू पोट धरून पलंगावर गोळा होऊन पडली होती, तर तिने काय सांगितलं होतं? "दीड झाकण घे." चार वर्षं. चार वर्षांचे दिवस किती होतात याचा हिशोब तिने सुरू केला आणि अर्ध्यात सोडला. पोरीला उद्या काय सांगायचं? तुझं आतलं मी जाळलं? कडेवर घेऊन वाढवलेल्या पोरीला?

कामाची पाळी संपेपर्यंत तिने एक पळवाट काढली होती. बोलायचंच कशाला? इस्पितळाने औषध द्यायचं बंद केलं, एवढं सांगायचं. नवा नियम आलाय, बाटल्यांची मोजदाद होते, आता आणता येणार नाही. धुणं आपोआप थांबेल, पोरीला तपासणीला काहीतरी दुसरं निमित्त सांगून आणता येईल, आणि कोणी कोणाकडे डोळे वर करून बघायची वेळ येणार नाही. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. बसथांब्यावर, गर्दीत, ओटीपोटाशी पिशवी दाबून उभी असताना तिला ही युक्ती इतकी पटली की तिने तिची वाक्यंसुद्धा जुळवली.

घरी पोचली तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. नवरा कामावर होता. खारू टेबलापाशी वही उघडून बसली होती, केस वर बांधलेले, पेनाचं टोक दातात. ती चपला काढून थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. बसली असती तर धीर गेला असता. "ते औषध आता मिळणार नाही," ती म्हणाली. "इस्पितळाने बंद केलंय. बाटल्या मोजायला लागलेत."

"बरं," खारू म्हणाली. वहीतून डोकं वर केलं नाही.

झालं. एका शब्दात सुटका. स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं की संपलं. तिने एक पाऊल उचललंही. पण ते 'बरं' फार पटकन आलं होतं, आणि त्यात काहीतरी होतं, गिळलेलं. ते ओळखायला आई असावं लागत नाही, खारूबरोबर एक दिवस राहिलं तरी पुरे. ती परत फिरली आणि पलंगाच्या कडेवर बसली. बसताना दुखलं.

"इस्पितळाने बंद नाही केलं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. मी आज तपासून घेतलं. ते औषध आत वापरायचंच नसतं, खारू. कधीच नसतं. मी तुला चुकीचं शिकवलं. चार वर्षं तू माझ्या सांगण्यावरून…" पुढचं वाक्य जुळवलेलं नव्हतं. "तुला पण तपासायला लागेल. चूक माझी आहे. तू काही केलेलं नाहीस."

खारूने पेन खाली ठेवलं. नजर वहीवरच होती.

"मी केव्हाच सोडलं, आई."

"केव्हा?"

"दोन वर्षं झाली. आग व्हायची खूप. लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं. मग कॉलेजच्या दवाखान्यात गेले. एकटीच. तिथल्या बाई म्हणाल्या, आजच्या आज बंद कर. गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांत बरी झाले. मग परत बोलावून तपासलं. आता काही नाहीये. पाळीत दुखतं तेवढंच, ते सगळ्यांचंच दुखतं."

तिचा जीव भांड्यात पडला. खरोखरच काहीतरी पडल्यासारखं झालं आतमध्ये, तिने पलंगाची चादर मुठीत धरली. पोर वाचली. आपल्यापासून वाचली. तिला हसूही आलं आणि रडूही, आणि तोंडातून निघालं ते भलतंच, "मग बाटल्या संपायच्या कशा?"

"मोरीत ओतायचे. वास यायला हवा ना तुला." खारू अजून वर बघत नव्हती. "त्या बाईंनी विचारलं, कोणी शिकवलं. मी म्हटलं, मैत्रिणीने. तुझं नाव कसं घेणार? इस्पितळात काम करतेस तू."

मग दुसरी गोष्ट हळूहळू तिच्या ध्यानात आली. दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षं या घरात एका माणसाला हे माहीत होतं. ओटीपोटातली ही कळ सुरू होऊन सात महिने झाले होते. पोरीने तेव्हा, त्या दवाखान्यातून आल्यावर, चार शब्द सांगितले असते तर? राग आला तिला. वणव्यासारखा आला, आणि तिने तो तोंडावर येऊ दिला, "मग मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा आले होते सांगायला." खारूचा आवाज बारीक झाला. "तू टेपच्या पट्ट्यांवर नंबर टाकत बसली होतीस, घरी आणलेलं काम. मला वाटलं, तू म्हणशील, घाणेरडी."

असं कसं म्हटलं असतं मी, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.  पण तिने म्हटलं असतं. त्या दिवशी, हातातली टेप न सोडता, पोरीकडे न बघता, तो एकच शब्द तिने म्हटलाच असता, आणि मग काम करत राहिली असती. राग जसा आला तसा निघून गेला, आणि त्याच्या जागी काही आलंसुद्धा नाही.

"सकाळी तुझा पाण्याचा आवाज यायचा," खारू म्हणाली. आता ती रडत होती, पण आवाज न करता, गाल फुगवून, लहानपणी घास धरून ठेवायची तशी. "रोज. मी जागी असायचे. डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायचे. आज सांगू, आज सांगू, असं करत… आई, मी सांगायला हवं होतं ना?"

 खारू खुर्चीवरून उठली, तिच्याजवळ येऊन बसली, आणि भीत भीत, गरम भांड्याला लावावा तसा, तिच्या ओटीपोटावर हात ठेवला.

"दुखतं का ग खूप?"

काही नाही, हे उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं, वीस वर्षांपासून.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतं."